स्थान बदलता भय परतते

शिरोधारेने शांत झालेला रुग्ण घरी जाताच पुन्हा घाबरतो आणि आपण औषध बदलतो. इतकी घाई नको. बाउटन व बोल्स यांनी १९७९ मध्ये उंदरांत दाखविले, की एका जागी लावलेले भय दुसऱ्या जागी शमविले, तरी मूळ जागी नेताच ते पुन्हा उसळते. भय पुसले जात नाही. त्यावर नवी शिकवण बसते, तीही स्थानाशी बांधलेली. मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग स्थळाची ओळख पुरवितो. त्यानुसार अग्रभाग भयकेंद्राला, म्हणजे अमिग्डालाला, आवरतो वा मोकळे सोडतो. म्हणून चरकोक्त सत्त्वावजय चिकित्सालयापुरता ठेवून भागत नाही, असे आम्हांस वाटते. ज्या जिन्यात, ज्या बसमध्ये छाती धडधडते, तेथेच धैर्याचा अभ्यास क्रमाक्रमाने करवून घ्यावा. ‘अधिक जोराचे काही द्या’ म्हणणाऱ्यास औषधविक्रेत्यांनीही आधी विचारावे : त्रास नेमका कोठे होतो?