राउटर बदलण्याआधी अपलोड बघा!

समजा, मेढ्यात तुमच्या घरी जुना लॅपटॉप धूळ खात पडलाय. तुम्ही त्यावर लिनक्स टाकलं, वेबसर्व्हर चढवला आणि कासच्या फुलांच्या फोटोंची साइट घरातूनच सुरू केली. पठार जवळच, त्यामुळे फोटोंना तोटा नाही. सप्टेंबरात सोनकी-तेरडा फुलले, लिंक कॉलेजच्या ग्रुपवर गेली आणि साइट रांगायला लागली. आता पहिला विचार काय येणार? नवा राउटर! पण पॉकेटमनीतले दोन-तीन हजार घालवण्याआधी जरा गणित करू.

एरवी आपल्याला डाउनलोडच्या स्पीडशी मतलब असतो. साइट घरात असली की सगळं उलटं होतं. बघणाऱ्याचं डाउनलोड म्हणजे तुमचं अपलोड. पानावर ५ एमबीचे फोटो असतील तर ते झाले ४० मेगाबिट. अपलोड १० एमबीपीएस असेल तर एकाला पान उघडायला ४ सेकंद आणि दहा जण एकदम आले तर प्रत्येकाला साधारण ४०! एवढा वेळ कोण थांबतंय? तेच फोटो लहान करून पान अर्ध्या एमबीवर आणलं तर दहा जणांचं काम ४ सेकंदांत होतं. खर्च शून्य.

मग राउटर बदलायचाच नाही का? बदला की, पण कारण बघून. जुन्या स्वस्त राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. प्लॅन २०० चा घेतला तरी वरचे १०० वाया. सर्व्हर वायफायवर असेल आणि मध्ये जुन्या घराच्या जाड दगडी भिंती असतील, तर आधी लॅनची केबल ओढा. ती राउटरपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

राउटर खरा कामाला येतो तो वेगळ्याच ठिकाणी. ताईने लग्नाचा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला घेतला की अपलोडची लाइन तुंबते आणि तुमची साइट त्या रांगेत अडकते. ही रांग नीट लावणारी एसक्यूएम नावाची सोय काही राउटरमध्ये असते. ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरवर ती टाकताही येते. खरेदी करायचीच तर अँटेना मोजत बसू नका, हे विचारा.

आणि टेस्ट घरच्या वायफायवरून करू नका. तिथून साइट पळणारच, कारण डेटा बहुधा घराबाहेर जातच नाही. मोबाइल डेटावरून बघा.

बाहेरून साइट उघडतच नसेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये वॅनचा आयपी पत्ता तपासा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर कंपनीने एकच पत्ता अनेक घरांत वाटलाय. आयपीव्ही४ चे पत्ते एकूण ४३० कोटींच्या आसपास, ते पुरणार कुठून? इथे महागातला राउटरही काही करू शकत नाही. कंपनीकडे स्टॅटिक आयपी मागा, नाहीतर आयपीव्ही६ वापरा.

राहिली वीज. सर्नमध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जगातल्या पहिल्या वेबसर्व्हरवर ‘हे मशीन बंद करू नका’ अशा अर्थाची चिठ्ठी चिकटवली होती. जावळीच्या पावसात चिठ्ठीला कोण विचारतो! लॅपटॉपला निदान बॅटरी असते, राउटरला नसते. त्याच्या अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट बघून छोटा यूपीएस घ्या. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, हे धरूनच.