गुरुत्वाकर्षण : स्वरूप आणि दैनंदिन जीवनावरील परिणाम

सारांश :
गुरुत्वाकर्षण हा विषय विद्यार्थी शालेय वयात शिकतो. परंतु सूत्र पाठ होऊनही त्याविषयीचे अनेक गैरसमज पदवीनंतरही कायम राहतात. प्रस्तुत लेखात गुरुत्वाकर्षणाच्या संकल्पनेचा विकास थोडक्यात मांडला असून वजन, पाणी, शरीर, भरती-ओहोटी, डोंगर-उतार आणि दिशादर्शन या क्षेत्रांतील त्याच्या परिणामांचे विवेचन केले आहे. हे ज्ञान सार्वजनिक सुरक्षिततेशी निगडित असल्याने ते सर्व विद्याशाखांपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : गुरुत्वाकर्षण, वस्तुमान, वजन, भरती-ओहोटी, दरड, गुरुत्वीय लहरी.

प्रस्तावना :
निसर्गातील चार मूलभूत बलांपैकी गुरुत्वाकर्षण हे सर्वांत क्षीण बल होय. एक लहानसे लोहचुंबक टाचणी उचलते, तेव्हा संपूर्ण पृथ्वी त्या टाचणीला खाली ओढत असते. तरीही लोहचुंबकाचा विजय होतो. असे असूनही मानवी जीवनावर ज्या बलाचा प्रभाव अखंडपणे जाणवतो, ते हेच बल आहे. याचे कारण असे की, विद्युतबलात धन आणि ऋण प्रभार परस्परांचा परिणाम नाहीसा करतात, तर गुरुत्वाकर्षण केवळ आकर्षणाचेच असते आणि वस्तुमान वाढेल तसे ते वाढतच जाते. दोन सामान्य वस्तूंमध्ये नगण्य असणारे हे बल पृथ्वीसारख्या प्रचंड गोलाच्या बाबतीत म्हणूनच निर्णायक ठरते.

उद्दिष्टे :
१) गुरुत्वाकर्षणाच्या संकल्पनेचा ऐतिहासिक विकास समजून घेणे.
२) वस्तुमान, वजन व वजनरहितता यांविषयीचे गैरसमज दूर करणे.
३) दैनंदिन जीवन व सार्वजनिक सुरक्षितता यांच्याशी असलेला गुरुत्वाकर्षणाचा संबंध स्पष्ट करणे.

संकल्पनेचा विकास :
पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती असून त्यामुळे आकाशातील जड वस्तू तिच्याकडे खेचल्या जातात, हा विचार भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मधील 'सिद्धान्तशिरोमणी' या ग्रंथाच्या गोलाध्यायात मांडला आहे. महाराष्ट्रातील चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्यांच्या कुलाची माहिती मिळते. या विचाराचे महत्त्व निःसंशय मोठे आहे. मात्र त्यात आकर्षणाचे गणिती प्रमाण दिलेले नाही, ही गोष्टही तितक्याच स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. आकर्षण आहे असे म्हणणे आणि ते अंतरानुसार किती कमी होते हे सांगणे, या ज्ञानाच्या दोन भिन्न पायऱ्या आहेत.

जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा वेगाने पडते, ही ॲरिस्टॉटलची धारणा गॅलिलिओने उतरत्या फळीवरील प्रयोगांच्या आधारे खोडून काढली. हवेचा अडथळा वगळल्यास सर्व वस्तू सारख्याच त्वरणाने पडतात. इ. स. १९७१ मध्ये 'अपोलो १५' मोहिमेतील अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडून दाखविले. दोन्ही एकदमच पृष्ठभागावर पोहोचले.

न्यूटनने इ. स. १६८७ मध्ये 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात विश्वव्यापी गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडला. दोन वस्तूंमधील आकर्षणबल हे त्यांच्या वस्तुमानांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात आणि त्यांच्यातील अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. न्यूटनचे खरे श्रेय सफरचंद पडताना पाहण्यात नसून, सफरचंद व चंद्र यांना एकच नियम लावण्यात आहे. चंद्राचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ६० पट आहे. त्यामुळे तेथील त्वरण पृष्ठभागावरील त्वरणाच्या ३६०० व्या भागाइतके असावयास हवे, आणि चंद्राच्या कक्षेवरून काढलेले त्वरण याच्याशी जुळते. चंद्र प्रत्येक सेकंदाला पृथ्वीकडे जेमतेम सव्वा ते दीड मिलिमीटर 'पडतो'. परंतु त्याच सेकंदात तो सुमारे एक किलोमीटर पुढे सरकत असल्याने पृथ्वीवर कधीच आदळत नाही.

या नियमातील बल प्रत्यक्ष किती सूक्ष्म असते, हे हेन्री कॅव्हेंडिश यांच्या इ. स. १७९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखविले. शिशाच्या गोळ्यांमधील आकर्षण मोजून त्यांनी पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या ५.४५ पट असल्याचे काढले. आजचे मूल्य ५.५१ पट आहे. प्रत्येकी ६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या आणि एक मीटर अंतरावर उभ्या असलेल्या दोन व्यक्तींमधील आकर्षण हे एका ग्रॅमच्या चाळीस हजाराव्या भागाच्या वजनाएवढेच असते.

वस्तुमान, वजन आणि व्यवहार :
वस्तुमान म्हणजे वस्तूतील द्रव्याचे प्रमाण, तर वजन म्हणजे त्या वस्तुमानावर कार्य करणारे गुरुत्वबल. वस्तुमान सर्वत्र सारखेच राहते. वजन मात्र स्थळानुसार बदलते. पृथ्वीचे परिवलन आणि तिचा विषुववृत्ताशी फुगीर असलेला आकार यांमुळे गुरुत्वत्वरण विषुववृत्तावर ९.७८, तर ध्रुवांवर ९.८३ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके असते.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. पारंपरिक तराजूत दोन्ही पारड्यांवर गुरुत्वाकर्षण सारखेच कार्य करीत असल्याने स्थळ बदलले तरी माप बदलत नाही. इलेक्ट्रॉनिक काटा मात्र प्रत्यक्षात बल मोजतो व त्याचे रूपांतर ग्रॅममध्ये करून दाखवितो. दिल्लीत जुळविलेला काटा तसाच मुंबईत वापरल्यास १०० ग्रॅम सोन्यामागे सुमारे ५० ते ६० मिलिग्रॅम इतके माप कमी दिसेल. म्हणूनच अचूक काटे ज्या ठिकाणी वापरावयाचे, त्याच ठिकाणी प्रमाणित वजनांच्या साहाय्याने जुळवून घ्यावे लागतात.

वजनरहिततेविषयीचा गैरसमज याहूनही रूढ आहे. अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून अंतराळवीर तरंगतात, असे उत्तर अनेकदा मिळते. वस्तुतः सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरील आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण पृष्ठभागावरील बलाच्या जवळजवळ ८९ टक्के असते. स्थानक आणि त्यातील माणसे एकाच त्वरणाने सतत पृथ्वीकडे पडत असल्यामुळे त्यांना आधाराचा दाब जाणवत नाही, इतकेच. इ. स. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला या स्थानकावर गेले, तेव्हाची त्यांची तरंगणारी छायाचित्रे वर्गात दाखविताना हा मुद्दा आवर्जून सांगावयास हवा.

पाणी, घर आणि शरीर :
घराच्या गच्चीवरील टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब टाकीच्या आकारावर नव्हे, तर तिच्यातील पाण्याच्या नळापासूनच्या उंचीवर अवलंबून असतो. दर दहा मीटर उंचीमागे साधारणपणे एका वातावरणाएवढा दाब मिळतो. वरच्या मजल्यावरील नळाची धार बारीक आणि तळमजल्यावरील धार जोरदार असण्याचे हे प्रमुख कारण होय. याच तत्त्वावर रुग्णालयातील सलाईनची बाटली रुग्णापेक्षा उंच टांगली जाते. रक्तदाब मोजताना दंड हृदयाच्या पातळीत ठेवण्याचा आग्रहही त्यामुळेच असतो. दंड दहा सेंटिमीटर खाली राहिल्यास नोंद पाऱ्याच्या सुमारे ८ मिलिमीटरने अधिक येते आणि निरोगी व्यक्तीच्या माथी रक्तदाबाचा विकार विनाकारण मारला जाऊ शकतो.

हाडांची बळकटीदेखील गुरुत्वाकर्षणाशी निगडित आहे. शरीराचा भार पेलत राहणे ही हाडांची गरज असते. अंतराळात पुरेसा व्यायाम न केल्यास भार पेलणाऱ्या हाडांची घनता दरमहा एक ते दीड टक्क्याने घटते. दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या रुग्णांच्या हाडांचीही अशीच झीज होते. वृद्धांनी झेपेल तितके चालावे, या वैद्यकीय सल्ल्यामागे हे एक कारण आहे.

मोठ्या प्रमाणावरील उदाहरण म्हणून कोयना प्रकल्पाचा उल्लेख करावा लागेल. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण हे 'गुरुत्व धरण' आहे. पाण्याचा प्रचंड रेटा ते प्रामुख्याने स्वतःच्या वजनाच्या बळावर पेलते. पूर्ववाहिनी कोयनेचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेस वळवून पोफळी येथे पावणेपाचशे मीटरांच्या आसपास खाली सोडले जाते. इतक्या उंचीवरून पडणाऱ्या एक घनमीटर पाण्यातून सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे १.३ युनिट वीज मिळू शकते. पावसाचे पाणी सूर्याच्या उष्णतेने वर चढते, ते खाली येताना गुरुत्वाकर्षण परत करते ती ऊर्जा म्हणजेच जलविद्युत होय.

भरती-ओहोटी आणि महानगर :
सूर्याचे पृथ्वीवरील आकर्षण चंद्राच्या आकर्षणापेक्षा सुमारे १८० पट अधिक आहे. तरीही भरती घडविण्यात चंद्राचा वाटा सूर्याच्या दुपटीहून जास्त आहे. कारण भरती एकूण आकर्षणामुळे येत नाही. पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंवरील आकर्षणात जो फरक पडतो, त्यामुळे ती येते, आणि जवळच्या चंद्राच्या बाबतीत हा फरक अधिक असतो. अमावास्या व पौर्णिमा या सुमारास चंद्र आणि सूर्य यांचे परिणाम एकत्र येऊन उधाणाची भरती येते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते.

कोकणातील मच्छीमार हे गणित पिढ्यान्पिढ्या जाणतात. शहरी नियोजनाला मात्र त्याची जाणीव कठोरपणे करून द्यावी लागली. दिनांक २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पर्जन्यजलवाहिन्यांतील पाणी उतारावरून गुरुत्वाकर्षणानेच समुद्राकडे वाहते. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी वाहिनीच्या मुखापेक्षा वर गेली की हा उतारच नाहीसा होतो. पाणी बाहेर पडत नाही, उलट आत शिरू पाहते. हाजी अली, इर्ला आदी ठिकाणी उदंचन केंद्रे उभारून पाणी उपसून समुद्रात टाकावे लागते, याचे कारण हेच आहे. समुद्राची सरासरी पातळी वाढत असल्याने हा प्रश्न पुढील काळात अधिक बिकट होणार आहे.

डोंगर-उतार आणि दरडी :
उतारावरील माती व खडक यांवर कार्य करणाऱ्या गुरुत्वबलाचे दोन घटक पडतात. एक उताराला समांतर असून मातीस खाली ओढतो; दुसरा उताराला लंब असून थर एकमेकांवर दाबून धरतो व घर्षण निर्माण करतो. तीस अंशांच्या उतारावर समांतर घटक एकूण वजनाच्या निम्मा असतो. उतार वाढला की तो वाढतो आणि धरून ठेवणारा घटक घटतो. मुसळधार पावसात मातीचे वजन तर वाढतेच, शिवाय कणांमधील पाण्याचा दाब वाढून थरांना धरून ठेवणारे घर्षणही कमी होते. वर्षानुवर्षे स्थिर भासणारा डोंगर काही क्षणांत कोसळतो तो यामुळे.

दिनांक ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण येथे दीडशेच्या आसपास माणसे दरडीखाली मृत्युमुखी पडली. त्यानंतर जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये आणि जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथे अशाच दुर्घटना घडल्या. उताराचा पायथा कापणे, वृक्षतोड आणि पाण्याचे नैसर्गिक मार्ग अडविणे यांमुळे धोका वाढतो. जमिनीला नव्याने पडलेल्या भेगा, कललेली झाडे व खांब, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे, ही पूर्वचिन्हे ओळखण्यासाठी कोणतेही महागडे उपकरण लागत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून ती गावोगावी सांगता येतील.

उंचीवरून पडण्याचे गणितही असेच उपयुक्त आहे. दहीहंडीच्या नऊ थरांची उंची बारा-तेरा मीटरपर्यंत जाते. बारा मीटरवरून थेट खाली पडणाऱ्या गोविंदाचा वेग जमिनीजवळ ताशी ५५ किलोमीटर होतो, आणि यास दीड सेकंदाहून किंचितच अधिक वेळ लागतो. एवढ्या वेळात सावरणे अशक्य असते. सुरक्षा दोरी, शिरस्त्राण आणि गादी यांचा आग्रह धरणे म्हणजे परंपरेला विरोध करणे नव्हे. थांबण्यासाठी मिळणारे अंतर वाढले की आघाताचे बल कमी होते, एवढाच त्यामागील विचार आहे.

आइन्स्टाइननंतरचे गुरुत्वाकर्षण :
न्यूटनने गुरुत्वाकर्षण किती असते हे सांगितले. ते कसे कार्य करते याचे उत्तर आइन्स्टाइनच्या इ. स. १९१५ मधील व्यापक सापेक्षता सिद्धान्ताने दिले. वस्तुमानामुळे अवकाश-काल वक्र होतो आणि वस्तू त्या वक्रतेला अनुसरून मार्गक्रमण करतात. या सिद्धान्तानुसार गुरुत्वाकर्षण जेथे क्षीण, तेथे घड्याळ जलद चालते. जीपीएस उपग्रहांवरील घड्याळे या कारणाने दररोज ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, तर वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. उरलेल्या ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती केली नाही, तर अंतराच्या मापनात एका दिवसात ११ किलोमीटरहून अधिक चूक साचेल. भ्रमणध्वनीवरील नकाशा पाहून मार्ग शोधणारी प्रत्येक व्यक्ती अशा प्रकारे आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताचा नकळत उपयोग करीत असते.

याच सिद्धान्ताने वर्तविलेल्या गुरुत्वीय लहरी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी प्रथम टिपल्या. या संशोधनात पुण्याच्या आयुका संस्थेतील शास्त्रज्ञांचाही सहभाग होता. अशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात उभारण्याच्या प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली असून तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील. मराठवाड्यातील महाविद्यालयांना आपल्या अंगणात येणाऱ्या या विज्ञानासाठी विद्यार्थी घडविण्याची संधी लाभली आहे.

निष्कर्ष :
१) गुरुत्वाकर्षण हे क्षीण असले तरी केवळ आकर्षणरूप व सर्वव्यापी असल्याने दैनंदिन जीवनातील सर्वांत प्रभावी बल ठरते.
२) वस्तुमान व वजन यांतील भेद आणि वजनरहिततेचा खरा अर्थ प्रत्यक्ष उदाहरणांतूनच विद्यार्थ्यांच्या मनात रुजतो.
३) पूर, दरडी व उंचीवरील अपघात यांमागे गुरुत्वाकर्षणाचे सुपरिचित नियम असल्याने त्यांपासून होणारी हानी योग्य नियोजनाने कमी करता येते.
४) भूगोल, वाणिज्य, शारीरिक शिक्षण व समाजशास्त्र या विषयांच्या प्राध्यापकांनीही आपापल्या अध्यापनात या संकल्पनेचा उपयोग करावा. दरडप्रवण गावातून शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्याला पदवीबरोबरच आपल्या घरामागील उताराचे वाचन करता आले, तर त्या शिक्षणाचा लाभ त्याच्या संपूर्ण वस्तीला होईल.