संयमाची गोडी

‘धूप किनारे’ ही पाकिस्तान टेलिव्हिजनची मालिका १९८७ साली प्रक्षेपित झाली. तिच्या व्हिडिओ कॅसेटी सरहद्द ओलांडून भारतीय घरांत पोहोचल्या. २०११ मध्ये तिच्यावर बेतलेली हिंदी मालिकाही येथे निघाली. कराचीच्या रुग्णालयातील मितभाषी डॉक्टर अहमर आणि अवखळ डॉक्टर झोया यांची ही प्रीतिकथा अद्याप शिळी झालेली नाही, याचे मर्म तिच्या संयमात आहे. येथे प्रेम शब्दांपेक्षा मौनातून उमलते, नायिका रडूबाई नाही आणि कथा मोजक्या भागांत आटोपते. लेखिका हसीना मोईन जन्माने कानपूरच्या; २०२१ मध्ये त्या कराचीत निवर्तल्या. वर्षानुवर्षे कथानक ताणणाऱ्या आमच्या मालिकाकारांनी, गुण वैऱ्याच्या घरचा म्हणून तो अव्हेरू नये.