गावशिवाराचा नकाशा आणि शाळा

शिवाराचे क्षेत्र वाढत नाही. त्यावरील गरजा मात्र वाढत जातात. धान्य, चारा, सरपण, पाणी, रस्ते व घरे या सर्वांसाठी तीच जमीन पुरवावयाची असते. म्हणून कोणत्याही योजनेपूर्वी, आज कोणती जमीन कशासाठी वापरली जात आहे, हे नकाशावर नोंदविणे अगत्याचे असते. हे काम केवळ मोजणी खात्याचे आहे, अशी समजूत आढळते. परंतु पुढील उदाहरण निराळेच सांगते.

१९३० साली लंडन येथील भूगोलाचे अध्यापक डडली स्टॅम्प यांनी ब्रिटनमधील जमिनीच्या वापराचे सर्वेक्षण हाती घेतले. पैसा थोडा व देश मोठा. तेव्हा त्यांनी शाळांना हाक दिली. सुमारे अडीच लाख विद्यार्थी, शिक्षकांच्या देखरेखीखाली, मैलास सहा इंच या प्रमाणाचे नकाशे घेऊन शेतोशेत हिंडले. वर्ग सहाच ठेविले होते: वन, कायम गवताची जमीन, नांगरटीची जमीन, माळ व खुरटे रान, बागा आणि शेतीस निरुपयोगी झालेली जमीन. प्रत्येकास एक अक्षर व छापील नकाशात एक रंग. पुढे दुसऱ्या महायुद्धात अन्नधान्य वाढविण्यासाठी कोणती गवताळ जमीन नांगरावी, हे ठरविताना याच नकाशांचा उपयोग झाला.

या वर्गवारीत माळ हा निरुपयोगी जमिनीहून वेगळा धरला होता, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्याकडे रिकामा दिसणारा प्रत्येक तुकडा ‘पडीक’ म्हणण्याची सवय आहे. वस्तुतः चालू पड म्हणजे विसावा घेणारे शेत. गायरान म्हणजे गुरांचे व भूमिहीनांच्या शेळ्यामेंढ्यांचे पोट. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळावर तर १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य करावे लागले. नकाशावर एकदा ‘निरुपयोगी’ असा शब्द पडला, की ती जमीन दुसऱ्या कामास देणे सोपे होते. आणि तिच्यावर जगणाऱ्यांचे म्हणणे मागाहून कोणी ऐकत नाही. म्हणून नाव देताना सावधगिरी हवी.

शिक्षकांनी हा उपक्रम पुढीलप्रमाणे करावा. गटक्रमांक दाखविणाऱ्या गावनकाशाची मोठी प्रत मुलांकडून काढून घ्यावी. जिरायत, बागायत, चालू पड, गायरान व माळ, झाडी, तसेच गावठाण-रस्ते-पाणी असे सहा वर्ग ठरवावेत. चार-पाच मुलांच्या तुकड्या करून प्रत्येकीस शिवाराचा एकेक भाग नेमून द्यावा. मुलांनी डोळ्यांनी पाहिले तेच लिहावे. शंका असल्यास शेतकऱ्यास वा गुराख्यास विचारावे. कापणीनंतर शेत ओसाड दिसते, यास्तव नकाशावर तारीख व हंगाम अवश्य नोंदवावा. मातीचा रंग, खोली व उतार यांची नोंद वेगळ्या कागदावर ठेवावी. कारण जमिनीचा आजचा वापर व तिची कुवत या दोन भिन्न गोष्टी आहेत. उताराच्या उथळ मुरमाड जमिनीत पीक दिसले, म्हणून ती पिकास योग्यच ठरते असे नाही.

हा नकाशा सरकारी अभिलेखाची जागा घेणार नाही. तथापि तो शाळेच्या भिंतीवर राहील, ग्रामसभेत दाखविता येईल, व दरवर्षी नव्याने केल्यास शिवारात काय पालटले हे गावास कळेल. मुलांना तर भूगोलाचा पहिला धडा स्वतःच्या पायांखालीच सापडेल.