हवेत उडणारी मुलगी आणि न्यायाधीशांचा प्रश्न

दोस्ता, जरा शेजारच्या कुणाला तरी हाक मार. आले? आता दोघांनीही उजव्या हाताने स्वतःचं डावं मनगट धरा. धरलंत? मग मोकळ्या डाव्या हाताने समोरच्याचं उजवं मनगट धरा.

झाला की नाही हातांचा चौकोन! अरे, ही तर आपली पालखी! मधल्या सुट्टीत एखाद्या चिमुकल्याला बसवून मैदानभर मिरवतो ना, तीच.

आता सांग, या पालखीत कुणी बसण्याऐवजी उभं राहिलं तर? आणि पालखीवाल्यांनी त्याला जोरात वर भिरकावलं तर?

बाप रे! पण अमेरिकेतल्या चीअरलीडर, म्हणजे सामन्यात घोषणा देऊन संघाचा उत्साह वाढवणाऱ्या मुली, नेमकं हेच करतात! (तू मात्र पालखीपाशीच थांब हं. त्यांच्यासोबत प्रशिक्षक असतात, खाली गादी असते.)

वर उडणारी ती फ्लायर. खाली हात गुंफणाऱ्या दोघी म्हणजे बेस. आणि मागे उभी असते स्पॉटर. तिचं सगळं लक्ष फ्लायरच्या डोक्याकडे आणि मानेकडे! फ्लायर वर जाते, हवेत गिरकी घेते आणि पुन्हा मैत्रिणींच्या हातांवर उताणी येऊन पडते. अगदी बाळाला पाळण्यात ठेवावं तशी. आणि गंमत म्हणजे, या झेलण्याचं नावच आहे क्रेडल, म्हणजे पाळणा!

फ्लायरला नुसतं उडायचं तर असतं, असं वाटलं? मग धाकट्या भावाला उचलून बघ. तो अंग ताठ करून उभा असेल तर पटकन उचलला जातो. पण तोच गाढ झोपलेला असू दे! हात इकडे, पाय तिकडे, मान तिसरीकडे. जणू गव्हाचं पोतं! वजन तेवढंच, पण सांभाळता सांभाळत नाही. म्हणून फ्लायर आपलं अंग लाटण्यासारखं घट्ट ठेवते. पायाच्या अंगठ्यापासून मानेपर्यंत!

उड्या, कोलांट्या, मनोरे, घोषणा, हे सगळं स्पर्धेत किती वेळात बसवायचं? साधारण अडीच मिनिटांत! तेवढ्यात आईच्या झटपट नूडल्ससुद्धा धड शिजत नाहीत.

आता हे सुरू कुणी केलं, ओळख पाहू. मुलींनी? चूक! 1898 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात फुटबॉलचा सामना होता. तिथला फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ. जॉनी कॅम्पबेल नावाचा एक विद्यार्थी प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि त्याने सगळ्यांकडून एका सुरात घोषणा म्हणून घेतल्या. झालं, चीअरलीडिंगचा जन्म झाला! पुढची वीसेक वर्षं हे काम मुलांचंच होतं. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले आयझेनहॉवरसुद्धा कॉलेजात चीअरलीडर होते!

मुली आल्या त्या 1920 नंतरच्या दशकात. मग हळूहळू घोषणांसोबत कोलांट्या आल्या, मनोरे आले, आणि चीअरलीडिंगच्याच स्पर्धा भरू लागल्या. तेव्हा एक मोठा प्रश्न उभा राहिला. हा खेळ आहे का?

तू म्हणशील, नावात काय एवढं? बरंच काही! गॅदरिंगचा नाच आठव. सराव कुठे होतो? व्हरांड्यात, नाहीतर जिन्याखाली. आणि खो-खोच्या संघाला? मैदान, शिक्षक, प्रथमोपचाराची पेटी. ‘खेळ’ म्हटलं की हे सगळं मागता येतं. चीअरलीडिंगमध्ये तर पडलं की हात मोडतो, मानेलाही मार लागू शकतो. म्हणूनच 2012 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही सांगितलं, याला खेळाचा दर्जा द्या.

पण त्याआधी प्रकरण चक्क कोर्टात गेलं होतं! कनेटिकट राज्यातल्या क्विनिपिॲक विद्यापीठाने मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करायचं ठरवलं. का? पैसे वाचवायला. त्याजागी चीअरलीडिंगचा संघ मोजू, म्हणजे मुलींचे खेळ कमी झाले असं कुणी म्हणणार नाही! कारण 1972 पासून अमेरिकेत कायदाच आहे, शिक्षणात मुलगा-मुलगी असा भेदभाव करायचा नाही. व्हॉलीबॉलच्या मुली चिडल्या आणि खटला उभा राहिला.

2010 मध्ये न्यायाधीश म्हणाले, पुढे कधीतरी हा खेळ ठरेलही, पण आज नाही. स्पर्धा नीट बांधलेल्या नाहीत, सगळीकडे एकसारखे नियम नाहीत. गल्लीतल्या क्रिकेटसारखंच की! इथे कंपाउंडबाहेर गेला तर आउट, तिथे गेला तर सिक्स. मला विचारशील तर न्यायाधीशांचं त्या दिवशी बरोबर होतं. पण चीअरलीडर मुलींना वाईट वाटलं असेल, तेही अगदी बरोबर!

मग नियम पक्के होत गेले. 2015 मध्ये कॅलिफोर्नियाने शाळांमधल्या स्पर्धात्मक चीअरलीडिंगला खेळ मानायचा कायदा केला. तो मांडणाऱ्या आमदारबाई स्वतः कॉलेजात चीअरलीडर होत्या बरं का! आणि 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने चीअरलीडिंगच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. म्हणजे ऑलिंपिकमध्ये पदकं मिळू लागली? छे! मान्यता म्हणजे शाळेत नाव घातलं. स्नेहसंमेलनात स्टेजवर चढायला अजून वेळ आहे.

मनोरे, झेलणं, ‘हा सण की खेळ’ असा वाद, ओळखीचं वाटतंय ना? आपली दहीहंडी! तिला महाराष्ट्र सरकारने 2022 मध्ये साहसी खेळाचा दर्जा दिला.

आता शेवटचं कोडं. चीअरलीडिंगच्या स्पर्धेत ना चेंडू, ना जिंकवायला दुसरा संघ. मग बाजूला उभं राहून, घसा बसेपर्यंत या मुलींच्या नावाने कोण ओरडत असतं?

आईबाबा असतातच. आणि त्यांच्या शेजारी, केसांना चमचमती रिबीन बांधून, आपली पाळी संपवून आलेल्या दुसऱ्या संघाच्या चीअरलीडर!