गॅरेजमध्ये ओतलेला गोंद

अमेरिकेतल्या मराठी घरात गॅरेज गाडीसाठी असतं, हा एक गोड गैरसमज आहे. तिथे तांदळाच्या पिशव्या, गणपतीचं मखर, मुलांना कधीच्या लहान झालेल्या सायकली आणि घरभर वास नको म्हणून बाहेर काढलेली तळणाची शेगडी यांचा संसार असतो. उरल्या जागेत गाडी. या सगळ्याच्या खाली जुना कोबा. त्यावर तेलाचे काळे डाग, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ टायरांबरोबर आत येऊन निघालेले पोपडे, आणि कितीही झाडलं तरी पुन्हा उठणारी सिमेंटची पूड. मग एखाद्या उन्हाळ्यात घरमालकाच्या अंगात येतं आणि इपॉक्सी पेंटचा खोका घरी येतो. खोक्यावर चकचकीत जमिनीचा फोटो, आत दोन डबे. एका रंगाला दोन डबे कशाला?

कारण हा रंग नव्हेच. हा गोंद आहे.

फुटक्या मूर्तीचा हात अरल्डाइटच्या दोन नळ्या कालवून चिकटवला असेल, किंवा गळक्या पाइपवर एम-सील मळून थापलं असेल, तर इपॉक्सीशी तुमची जुनी ओळख आहे. एकात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. साधा रंग वाळतो म्हणजे त्यातलं पाणी किंवा टर्पेंटाइन उडून जातं. इपॉक्सीचं तसं नाही. दोन द्रव्यं एकमेकांत गुंततात, त्यांचं जाळं तयार होतं आणि ते पुन्हा उसवता येत नाही. म्हणूनच दुकानात एकाच डब्यात मिळणाऱ्या ‘इपॉक्सी’ रंगाकडे जरा संशयाने पाहावं. त्यातले बरेचसे खरे तर अ‍ॅक्रिलिक रंग असतात, इपॉक्सी चवीपुरतं.

कवळीतून कोब्यावर

पिएर कास्तां नावाचा स्विस रसायनतज्ज्ञ 1930च्या दशकात दंतवैद्यकाचं सामान बनवणाऱ्या कंपनीत होता. त्याच्या डोक्यात होत्या कवळ्या. साच्यात ओतल्यावर फारसं न आक्रसता घट्ट होणारं काहीतरी त्याला हवं होतं. ते त्याला सापडलं, पण कवळ्यांच्या बाजारात चाललं नाही. हक्क गेले सीबा या कंपनीकडे, आणि दुसरं महायुद्ध संपल्यावर तेच अरल्डाइट म्हणून जगापुढे आलं. इकडे अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली हा गृहस्थ याच रसायनावर काम करत होता, तो मात्र एका रंगाच्या कंपनीसाठी. म्हणजे गोंद आणि रंग हा घोळ इपॉक्सीच्या जन्मापासूनचाच म्हणायचा.

पुढे या गोंदाने मजल मारली ती थेट सिडनीपर्यंत. 1973 साली खुल्या झालेल्या ऑपेरा हाउसच्या त्या शिडांच्या आकाराच्या छतांत काँक्रीटच्या फासळ्या आहेत. त्यांचे तुकडे एकमेकांना जोडायला इपॉक्सीच वापरलं होतं. डबाबंद टोमॅटोच्या डब्याला आतून जे पातळ अस्तर असतं, तेही कित्येक दशकं इपॉक्सीचंच असायचं. इपॉक्सी बनवायला लागणाऱ्या बिस्फेनॉल-ए या रसायनावरून वाद झाले आणि युरोपीय संघाने 2024च्या अखेरीस अन्नाच्या वेष्टनांत त्याच्या वापरावर बंदी आणली. गॅरेजच्या जमिनीवर जेवायला कुणी बसत नाही, तेव्हा तिथे ते चालतं.

बादली तापते

दोन डबे एकत्र केले की मिश्रण स्वतःहून गरम व्हायला लागतं. बादलीत ती उष्णता कोंडून राहते, उष्णतेने प्रक्रिया आणखी वेग घेते, तिने आणखी उष्णता. बघता बघता बादलीतून धूर निघतो आणि महागामोलाचं सामान दगड होऊन बसतं. तेच मिश्रण जमिनीवर पातळ पसरलं की शांत राहतं. म्हणून मुरलेले कारागीर कालवून झालं की बादली तिथल्या तिथे जमिनीवर रिकामी करतात आणि मग रोलर हातात घेतात. हवा दहा अंशांनी जास्त गरम असेल, तर हाताशी असलेला वेळ ढोबळमानाने निम्मा होतो. फोनवर गप्पा मारत करायचं हे काम नाही.

आधी काँक्रीट तुटतं

इपॉक्सी किती घट्ट बसलंय हे तपासायची एक रीत आहे. धातूची छोटी चकती जमिनीला चिकटवायची आणि यंत्राने उपटायची. काम चोख असेल तर चकतीच्या बुडाला काँक्रीटचा करडा तुकडा चिकटून येतो. काँक्रीट दाब सोसण्यात पहिलवान असलं तरी ताण सोसण्याची त्याची ताकद त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. त्यामुळे जोड सुटायच्या आधी काँक्रीटच फाटतं.

मग इतक्या गॅरेजांत वर्षभरात पोपडे का उडतात? गोंद काँक्रीटला चिकटलेलाच नसतो. तो चिकटलेला असतो धुळीला, तेलाला, नाहीतर ओलीला. चार थेंब पाणी टाकून पाहा. जमिनीने ते पिऊन टाकलं तर ठीक, मोत्यांसारखे उभे राहिले तर खाली जुनं सीलर किंवा तेल आहे. ओल शोधायची पद्धत तर बिनखर्चाची. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून जमिनीवर चिकटवायचा आणि 16 तासांनी उचलायचा. खाली दव दिसलं किंवा कोबा काळवंडला, तर खोका परत माळ्यावर. जमीन खरखरीत करायला काहीजण अ‍ॅसिड वापरतात (पाण्यात अ‍ॅसिड घालायचं, अ‍ॅसिडात पाणी कधीच नाही). माझं मत विचाराल तर हिऱ्याच्या चाकाचा ग्राइंडर भाड्याने आणावा, त्याला व्हॅक्यूम जोडावा आणि तोंडाला चांगला मास्क लावावा. काँक्रीटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात गेली की बाहेर निघत नाही.

तेलाच्या डागांचा इतिहास तर मांजरापर्यंत जातो. मिशिगनमधल्या एड लोवच्या घरचा धंदा होता कारखान्यांच्या जमिनीवर सांडलेलं तेल शोषून घेणारा भुसा आणि माती विकण्याचा. 1947च्या हिवाळ्यात शेजारणीची मांजराची वाळू गोठली, म्हणून त्याने तिला तीच माती दिली. शेजारीण पुन्हा मागायला आली, आणि त्यातून ‘किटी लिटर’चा उद्योग उभा राहिला. ती माती कोणती, तर आपल्याकडे बायका चेहऱ्याला लावतात त्या मुलतानी मातीच्याच जातीची. आजही गॅरेजमध्ये तेल सांडलं की त्यावर मातीची किटी लिटर टाकतात. मांजर नसलं तरी!

संध्याकाळचा मुहूर्त

काँक्रीटच्या पोटात बारीक छिद्रं असतात आणि छिद्रांत हवा. सकाळी जमीन तापू लागली की हवा फुगून वर येते आणि ओल्या इपॉक्सीत बुडबुडे काढते. संध्याकाळी जमीन निवत असते, तेव्हा हवा आत ओढली जाते आणि तिच्याबरोबर इपॉक्सीही. दमट हवेची तऱ्हा वेगळी. हार्डनरमधली अमाइन्स हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संधान बांधतात, मग वर मेणचट साय धरते आणि पुढचा हात तिच्यावर टिकत नाही. कोकणात कुणाला जुलै महिन्यात ही हौस सुचली, तर त्याला प्रेमाने गप्प बसवावं.

उन्हाचंही इपॉक्सीशी वाकडं आहे. दाराजवळचा पट्टा हळूहळू पिवळा पडतो, म्हणून वर पॉलियुरेथेनचा हात देतात. आणि हायवेवरून आलेले गरम टायर? स्वस्त रंग त्यांच्या उष्णतेने मऊ होतो, टायर निवताना आक्रसतो आणि सकाळी गाडी बाहेर काढली की चार टायरांचे चार चट्टे जमिनीवरून गायब.

आता खरी करमणूक. ओल्या इपॉक्सीवर रंगीत टिकल्या उधळायच्या असतात, आणि त्यासाठी त्यावरून चालावं लागतं. मग माणूस तळाला खिळे असलेले जोडे चढवतो आणि मूठ मूठ टिकल्या हवेत उडवत गॅरेजभर फिरतो. खिळ्यांची छिद्रं मागोमाग आपोआप भरून येतात. टिकल्यांचं काम जमिनीचे उंचसखल भाग आणि पुढे पडणारी धूळ लपवणं, आणि ते त्या इतकं इमानाने करतात की नव्या जमिनीवर कार्ब्युरेटरचा एक स्क्रू हातातून सुटला, की घरमालक टॉर्च घेऊन पोटावर झोपतो आणि बायकोला हाक मारतो, “अगं, जरा फ्रिजवरचं लोहचुंबक आण!”