रखमाचं घर आणि ओल

रखमा ही आमच्या अभनपूरच्या घरातली टॅरँटुला, म्हणजे मोठी केसाळ कोळीण. पाय पसरले तर साधारण १२ सेंटिमीटर भरते. काळ्या पायांवर गुडघ्याशी नारिंगी पट्टे. शास्त्रीय नाव ब्राकिपेल्मा हॅमोराय, मूळ गाव मेक्सिकोचा पश्चिम किनारा. दादाने ती पाळली आणि नोकरीसाठी बाहेर जाताना उन्हाळ्याच्या सुट्टीपुरती माझ्या ताब्यात दिली. त्या सुट्टीत मी तिला जवळजवळ मारलीच होती, तीही काळजीपोटी. म्हणून हा लेख.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो. दुपारी हवा इतकी कोरडी की ओला टॉवेल अर्ध्या तासात वाळतो. रखमाच्या काचेच्या पेटीतला आर्द्रतामापक ३० टक्के दाखवत होता. मला वाटलं, बिचारी सुकून जाईल. मी सकाळ-संध्याकाळ फवारा मारू लागलो आणि ओल टिकावी म्हणून जाळीची भोकं चिकटपट्टीने बंद केली. काटा ८० वर गेला. मी खूश!

दहाव्या दिवशी कोकोपीटवर पांढरी बुरशी दिसली. उरलेल्या रातकिड्याभोवती बारीक किडे वळवळत होते. आणि रखमा काचेवर चढून बसली होती, खाली पाय टेकायला तयार नव्हती. मी दादाला व्हिडिओ कॉल केला. तो म्हणाला, "अरे, तू तिला पाणी देत नाहीयेस, कोंडतोयस. आधी ती चिकटपट्टी काढ."

जमिनीवर राहणारा जड कोळी उंचावरून पडला तर त्याचं पोट फुटू शकतं. म्हणजे काचेवर चढलेली रखमा खरोखर धोक्यात होती. मी चष्मा आणि हातमोजे घातले, कारण ही जात चिडली की पोटावरचे केस उडवते आणि ते डोळ्यांत गेले तर फार त्रास होतो. मऊ ब्रशने हळूच ढकलत तिला डब्यात घेतलं आणि पेटी पूर्ण रिकामी केली.

माझं चुकलं कुठे? मी काट्याकडे पाहिलं, प्राण्याकडे नाही. टॅरँटुला पोटाखालच्या चार फटींमधून श्वास घेते. आत पुस्तकाच्या पानांसारखी रचना असते, म्हणून त्यांना पुस्तक-फुप्फुसं म्हणतात. तिला खेळती हवा लागते. ओल आणि कोंडलेली हवा एकत्र आली की बुरशी आणि किडे माजतात. तहान मात्र ती वाटीतलं पाणी पिऊन भागवते. कोरड्या हवेपेक्षा कोरडी वाटी जास्त घातक.

पाणी इतकं महत्त्वाचं का, तेही सांगतो. कोळ्याच्या पायांत वाकवायला स्नायू असतात, पण मुख्य सांधे सरळ होतात ते रक्ताच्या दाबाने. शरीरातलं पाणी कमी झालं की दाब पडतो आणि पाय पोटाखाली मुडपतात. कात टाकतानाही याच दाबाने पाठीचं जुनं कवच उचकटतं. तहानलेला कोळी जुन्या कातीत अडकून मरू शकतो.

मग मी पेटी नव्याने लावली, ती अशी:

१. कोकोपीट भिजवून मुठीत दाबायचं. गोळा व्हावा, पण थेंब गळू नये. असा सुमारे १४ सेंटिमीटर थर द्यायचा आणि वरचा भाग वाळू द्यायचा. मातीपासून झाकणापर्यंत अंतर पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नको, म्हणजे पडली तरी इजा कमी.

२. फवारा बंद. एकाच कोपऱ्यात नळीने पाणी सोडायचं, म्हणजे ते तळाशी जातं. एक बाजू ओलसर, दुसरी कोरडी. कुठे बसायचं ते तिने ठरवावं.

३. उथळ वाटी कायम भरलेली. स्पंज नको, त्यात घाण साचते.

४. समोरासमोरच्या दोन बाजूंना हवेची भोकं. कूलरचा झोत थेट पेटीवर नको.

५. उरलेलं भक्ष्य दुसऱ्या दिवशी काढायचं.

पावसाळ्यात हिशेब उलटा होतो. जूनच्या मध्यानंतर आमच्या भोवतीच्या धानाच्या शेतांत पाणी उभं राहतं आणि हवाच ओली असते. तेव्हा कोपऱ्यातलं पाणी जवळजवळ बंद, वाटी मात्र चालू. रखमाच्या मूळ गावीही पाऊस साधारण जून ते सप्टेंबर आणि बाकी वर्ष कोरडं, त्यामुळे हा बदल तिला परका नाही.

सुट्टी संपल्यावर जबाबदारी आईवर आली. तिला कोळ्यांची किळस! मी वरचे नियम कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवले आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: "उताणी दिसली तर हात लावू नकोस. मेलेली नसते."

ऑगस्टमधल्या एका रविवारी फोनवर आईचा आवाज कापरा होता. "अरे, ती उलटी पडलीय. हलत नाही." मी म्हटलं, "कागद वाच, आई." रात्रभर मलाच झोप नव्हती. पुढच्या रविवारी कळलं की सकाळी पेटीत दोन रखमा होत्या, एक रिकामी कात आणि दुसरी नवी, चकचकीत. नवे दात मऊ असतात, म्हणून आईने दोन आठवडे तिला खायला दिलं नाही, फक्त वाटी भरत राहिली.

शेवटी एक महत्त्वाचं. ब्राकिपेल्मा ही जात आंतरराष्ट्रीय 'साइटीस' कराराच्या यादीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा प्राणी बाळगणाऱ्याला परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. दादाने ती केली आहे. आपल्या सह्याद्रीत किंवा छत्तीसगडच्या जंगलात टॅरँटुला दिसली तर पाहा, फोटो काढा आणि तिथेच सोडा. मादी वीस वर्षांहून जास्त जगू शकते. एवढी वर्षं कुणाची तरी वाटी रोज भरायची तयारी असेल, तरच पाळायचा विचार करा.

— एक कॅडेट, इयत्ता ११ वी